सोपविलेले काम मागे घेताना

दूरच्या यंत्राकडे माहिती मागावी आणि ती येईपर्यंत संगणकाने स्वस्थ बसून राहावे, ही रीत पडद्यासमोर बसलेल्या माणसाला सोसवणारी नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली रचलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेत अशी कामे असमकालिक पद्धतीने केली जातात. म्हणजे मागणी रवाना करून आज्ञावली पुढील उद्योगाला लागते आणि उत्तर हाती आले की त्याची दखल घेते. भाषेच्या २०१५ च्या प्रमाणग्रंथात यासाठी ‘प्रॉमिस’, म्हणजे वचन, ही योजना आली. वचन पाळले जाते किंवा मोडते. ते मागे घेण्याची सोय मात्र तीत नव्हती.

ही उणीव किरकोळ नव्हे. शोधाच्या चौकटीत कोणी ‘नाग’ एवढे लिहिताच पहिली मागणी जाते व ‘नागपूर’ पुरे होताच दुसरी. दुसरीचे उत्तर आधी येऊन पहिलीचे मागाहून आले, तर ‘नागपूर’ या शब्दाखाली नागालँड आणि नागरकोइल यांची नावे झळकतात. दोन्ही उत्तरे खरी असतात. चुकलेला असतो तो केवळ क्रम.

वचनालाच ‘रद्द’ अशी तिसरी अवस्था द्यावी, असा प्रस्ताव पुढे आला होता. डिसेंबर २०१६ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्यातील एक पेच खरोखरच विचार करण्याजोगा आहे. एकच वचन अनेकांच्या हाती असेल, तर ते मोडण्याचा अधिकार कोणाचा? नुसते उत्तर वाचू पाहणाऱ्याने इतरांचेही काम बंद पाडावे काय?

२०१७ साली ब्राउझरांत आलेल्या ‘अबॉर्टकंट्रोलर’ने हा अधिकार वेगळा काढला. आज्ञा देणारा नियंत्रक मूळ धन्याकडे राहतो. काम करणाऱ्याला मिळतो तो फक्त सिग्नल. सिग्नल पाहता येतो, तो स्वतःहून पाडता येत नाही. नियंत्रकाने ‘अबॉर्ट’ म्हणताच ‘फेच’ने दिलेले, अद्याप पुरे न झालेले वचन ‘अबॉर्टएरर’ या नावाने मोडते, आणि हेतुपुरस्सर केलेली ही माघार व खरे अपयश यांत भेद करता येतो. एकदा वापरलेला नियंत्रक पुन्हा कामास येत नाही. प्रत्येक नव्या मागणीस नवा घ्यावा लागतो.

‘रद्द करणे’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. ‘वाट पाहणे सोडून देणे’ हे अधिक नेमके ठरेल. तिकिटाचे पैसे भरण्याची मागणी पलीकडच्या यंत्राने आधीच स्वीकारली असेल, तर इकडे ती थांबवली तरी पैसे वळते झालेलेच असू शकतात. पडद्यावर ‘रद्द’ असे दाखवून मोकळे होणे ही अशा वेळी वापरणाऱ्याची शुद्ध फसवणूक होय. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतात. त्या क्रमांकावरून पलीकडे नेमके काय घडले याची चौकशी करता येते आणि तीच मागणी दुसऱ्यांदा गेली तरी पैसे दोनदा कापले जाऊ नयेत, अशी तजवीज पलीकडच्या यंत्राला करता येते.