नामाचा संकोच आणि गीतेचा विवेक

ईश्वर एकच आहे असे मानणाऱ्या साधकालाही एक प्रसंग अवघड वाटतो. एखादा पंथ ईश्वराचे एक विशिष्ट नाम हेच त्याचे खरे नाम मानतो. आणि त्या पंथाच्या माणसाशी बोलताना, त्याचा ग्रंथ वाचताना किंवा त्याचे भाषांतर करताना ते नाम आपल्याला उच्चारावे लागते. तेथे जीभ अडखळते. हा संकोच मनाचा कोतेपणा समजावा की विवेकाची खूण, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विचार हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. यहुद्यांच्या हिब्रू धर्मग्रंथात ईश्वराचे नाम चार व्यंजनांनी लिहिलेले असून ते सहा हजार आठशेहून अधिक वेळा आले आहे. परंतु परम आदरामुळे यहुदी ते उच्चारीत नाहीत. पठणात त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझे प्रभू’, असे म्हणतात आणि व्यवहारात केवळ ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाम’, एवढाच निर्देश करतात. पुढे पाठ जपणाऱ्या पंडितांनी त्या चार व्यंजनांना ‘अदोनाय’ या शब्दाच्या स्वरांच्या खुणा जोडल्या. वाचकाने ‘अदोनाय’ म्हणावे, हा त्यांचा हेतू. ख्रिस्ती विद्वानांनी मात्र ती व्यंजने आणि ते स्वर एकत्र वाचले. त्यातून ‘यहोवा’ हे रूप प्रचारात आले.

१९३१ साली अमेरिकेतील कोलंबस नगरीच्या अधिवेशनात एका ख्रिस्ती पंथाने ‘यहोवाचे साक्षीदार’ हे नाव स्वीकारले. हे नाम जगाला कळविणे हे ते आपले कर्तव्य मानतात. त्यांच्या बायबलच्या नव्या करारात हे नाम २३७ ठिकाणी घातलेले आहे. नव्या कराराच्या उपलब्ध ग्रीक हस्तलिखितांत मात्र ती चार अक्षरे आढळत नाहीत. उलट २००८ साली व्हॅटिकनने कॅथलिक उपासनेत त्या चार अक्षरांचा उच्चार करू नये असा निर्देश दिला. आज प्रचलित असलेल्या मराठी बायबलात त्या जागी सामान्यतः ‘परमेश्वर’ हा शब्द आढळतो.

आता पाहा, एकाच नामाविषयी तिघांना संकोच वाटतो, पण तिघांचे कारण निराळे आहे. यहुद्याला आदरामुळे वाटतो. विद्वानाला सत्यामुळे वाटतो, कारण ते रूप मूळचे नव्हे असे तो जाणतो. आणि गीताभक्ताला असे वाटते की, हे नाम मी घेतले तर ‘हेच एक खरे, बाकी सर्व मिथ्या’ या मतालाही माझी संमती झाली. कारण न ओळखता संकोचाची निंदा करणे अथवा स्तुती करणे, दोन्ही व्यर्थ होत.

गीतेत नामाच्या संकोचाचा एक प्रसंग आहे. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन (श्लोक ४१ व ४२) क्षमा मागतो. आपण भगवंताला कृष्ण, यादव, सखा अशा सलगीच्या शब्दांनी हाक मारली, याची त्याला लाज वाटते. येथे त्या नामांत काही दोष होता काय? नव्हता. दोष कोठे होता हे अर्जुन स्वतःच सांगतो: महिमा न जाणता, प्रमादाने किंवा प्रेमाच्या भरात ती नामे मुखातून गेली. म्हणूनच सतराव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात तो पुन्हा ‘कृष्ण’ या नामानेच भगवंताला संबोधतो. नाम तेच राहिले, घेणाराची जाणीव पालटली. तात्पर्य, नामाच्या शुद्धीचा प्रश्न मुळात घेणाऱ्याच्या भावाचा प्रश्न आहे.

मीमांसाशास्त्राने येथे एक उपयुक्त भेद केला आहे. अज्ञात गोष्टीचे विधान करणारे वाक्य तो ‘विधि’. अन्यत्र सिद्ध असलेल्या गोष्टीचा पुन्हा नुसता उल्लेख करणारे वाक्य तो ‘अनुवाद’. अनुवाद करणारा नवी प्रतिज्ञा करीत नाही. साक्षीदाराचे म्हणणे सांगताना ‘यहोवा’ म्हणणे हा अनुवाद आहे. स्वतःच्या उपासनेत तेच नाम एकमेव सत्य म्हणून घेणे, हे मात्र विधानच होय. पहिल्याला भिण्याचे कारण नाही; दुसऱ्याची सक्ती कोणी करू नये.

समजा, शेजारचा एक वृद्ध साक्षीदार अंथरुणाला खिळला आहे, त्याची दृष्टी गेली आहे, आणि तो आपला ग्रंथ वाचून दाखविण्याची विनंती करतो. पानोपानी ते नाम येते. वाचणाऱ्याने ते गाळावे काय? तेथे ‘परमेश्वर’ किंवा ‘कृष्ण’ म्हणावे काय? मुळीच नाही. ऐकणाऱ्याची श्रद्धा ज्या अक्षरांवर टेकली आहे ती अक्षरे त्याच्या कानी पोचविणे, हीच तेथे सेवा. सातव्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की भक्ताची श्रद्धा मीच स्थिर करतो. जी ते स्थिर करतात ती आपण का हलवावी? मात्र तोच वृद्ध ‘आता हे आपले म्हणून म्हणा’ असा आग्रह करू लागला, तर हात जोडून नम्रपणे नकार द्यावा. त्यात अनादर नाही.

आदर आणि संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले आहे. केरळातील याच पंथाची तीन मुले शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली न्यायालयाने मुलांच्या बाजूने निर्णय दिला. जे स्वातंत्र्य त्या मुलांना मिळाले तेच साक्षीदारांच्या नामापुढे आपल्यालाही आहे: आदराने उभे राहावे, परंतु ओठ आपले राखावेत.

येथे कोणी शंका घेईल: ‘नवव्या अध्यायाच्या तेविसाव्या श्लोकाप्रमाणे इतर देवतांचे श्रद्धापूर्वक पूजन करणारेही भगवंतालाच पूजितात. मग सर्व नामे एकच; संकोच कशाला आणि भेद कशाला?’ समाधान असे की, तो श्लोक भगवंत काय स्वीकारतात हे सांगतो. दुसऱ्याच्या उपास्याचे नाव बदलण्याचा अधिकार आपल्याला देत नाही. साक्षीदाराला ‘तुझा यहोवा म्हणजे आमचा कृष्णच’ असे सांगणे आपल्याला औदार्य वाटते. त्याला मात्र त्याचे म्हणणे ऐकलेच गेले नाही असे वाटते. तिसऱ्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात कर्मासक्तांचा बुद्धिभेद करू नये अशी आज्ञा आहे. तिचा आशय येथेही लागू पडतो.

म्हणून साधकाने तीन नियम पाळावेत. दुसऱ्याचे म्हणणे सांगताना त्याचेच नाम निःसंकोच लिहावे व उच्चारावे. जेथे मौन हाच आदर आहे, जसे यहुद्यासमोर, तेथे मौन पाळावे. आणि स्वतःच्या उपासनेत गुरुमुखाने व श्रद्धेने प्राप्त झालेले नामच दृढ धरावे. स्वतःच्या नामावर ज्याची निष्ठा स्थिर झाली आहे, त्याची जीभ दुसऱ्याच्या नामाने विटाळत नाही. अडखळते ती बहुधा निष्ठा कच्ची असलेल्याची. संकोच वाटला तर त्याला शत्रू मानू नये. आपली निष्ठा कोठे कच्ची आहे हे तो दाखवितो. तेथेच अभ्यास वाढवावा.