रस्ते ओस पडले तरी दम्याचा पंप चालूच ठेवा

लांब सुट्ट्या लागल्या, निम्मं शहर गावाला गेलं आणि रस्ते शांत झाले की दम्याचे रुग्ण हमखास विचारतात, आता हवा सुधारलीच आहे तर पंप थोडे दिवस बंद ठेवू का? या प्रश्नामागे बहुधा २०२०च्या टाळेबंदीची आठवण असते. २५ मार्चपासून देश जागच्या जागी थांबला, दिल्लीचं आभाळ निळं झालं, जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची बर्फाळ रांग दिसू लागली. वर्दळ थांबली की हवा निवळते आणि हवा निवळली की छाती मोकळी होते, असं सोपं समीकरण त्या दिवसांत मनात पक्कं बसलं. त्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध मात्र नेमकं काय थांबलं आणि किती काळ थांबलं यावर अवलंबून असतो, आणि औषध कमी करायला तो आधार म्हणून मुळीच पुरत नाही.

आधी त्याच्या बाजूचा पुरावा पाहू, कारण तो भक्कम आहे. अमेरिकेत युटा राज्यात प्रोव्हो शहराजवळ एका खोऱ्यात पोलादाचा मोठा कारखाना होता. कामगारांच्या तंट्यामुळे तो ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ बंद राहिला. आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने त्या भागातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्यासाठी दाखल होणारी मुलं बंद काळातल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. यावर आक्षेपही आला, आणि तो रास्त होता: लहान मुलांच्या श्वसनाचे विषाणू एका वर्षी जोरात असतात, दुसऱ्या वर्षी मंद, हा फरक त्यांचाच कशावरून नसेल? त्याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं. हवा मोजणाऱ्या यंत्रांच्या फिल्टरवर कारखाना बंद होण्याआधीची, बंद असतानाची आणि पुन्हा सुरू झाल्यानंतरची धूळ जपून ठेवलेली होती. तिचा अर्क सारख्याच मात्रेत निरोगी स्वयंसेवकांच्या श्वासनलिकेत सोडला गेला. आधीच्या आणि नंतरच्या धुळीने फुफ्फुसात दाह निर्माण केला, बंद काळातल्या धुळीने फारच कमी. धूळ तितकीच, पण तिच्यातले धातू वेगळे. म्हणजे हवेत कण किती आहेत इतकंच पाहून भागत नाही, ते कुठून आले हेही पाहावं लागतं. मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग वाटतो.

आता याच कसोटीवर टाळेबंदी घासून पाहा. दिल्लीत पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे बारीक कण, सुमारे निम्म्यावर आले. पण मार्चअखेरीस उत्तर भारतातली हवा दरवर्षीच सुधारते, कारण ऊन तापतं आणि जमिनीलगत कोंडलेली थंड हवा वर उठून पसरते. त्यामुळे आधीच्या आठवड्यांशी केलेली तुलना फायदा फुगवून दाखवते. दिल्ली, वुहान, मिलान, लंडन यांच्यासह ११ शहरांच्या नोंदींतून हवामानाचा वाटा गणिताने बाजूला काढणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहनांतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड जवळजवळ सगळीकडे घटला होता, पण ती घट अपेक्षेहून कमी, १० ते ५० टक्के इतकीच भरली. लंडन आणि पॅरिसमध्ये पीएम २.५ उलट वाढलेले आढळले. आणि लंडन वगळता बाकी शहरांत ओझोन २ ते ३० टक्क्यांनी वाढला. हा जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही, तो उन्हात इतर वायूंपासून तयार होतो आणि गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. गाड्या थांबल्या, खाणारा गेला. डोळ्यांना न दिसणारा हा वायू श्वासनलिकेला झोंबतो आणि दमेकऱ्याला खोकवतो. आभाळ निळं असतानाही.

निम्म्यावर आले म्हणजे नेमके किती, हेही विचारायला हवं. टाळेबंदीतही दिल्लीतले बारीक कण साधारण दर घनमीटरला ३० ते ५० मायक्रोग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची दिवसभराची शिफारस १५ची आहे, आपलं राष्ट्रीय मानक ६०चं. एवढं सगळं बंद असताना हे कण आले कुठून? वीजकेंद्रं चालू होती, गावोगावच्या चुली पेटत होत्या, आणि वायूंपासून हवेतच तयार होणारे कण शेकडो किलोमीटर वाहत येतात. आपल्या गल्लीत गाडी नाही याचा या कणांना काही फरक पडत नाही.

कोणी म्हणेल, आकडे काहीही सांगोत, टाळेबंदीत दम्याचे झटके खरोखर कमी झाले होते. झाले होते, अनेक देशांत झाले. पण त्याच काळात शाळा बंद होत्या, तोंडावर मास्क होते, सर्दीचे विषाणू फारसे फिरत नव्हते आणि लोक रुग्णालयात जायला घाबरत होते. झटक्याचं सर्वांत नेहमीचं कारण विषाणूचा संसर्ग असतो, त्यामुळे सगळं श्रेय हवेला देता येत नाही. अशी घाई पूर्वीही झाली आहे. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या १७ दिवसांत शहरातली वाहतूक आवरली, ओझोन सुमारे २८ टक्क्यांनी उतरला आणि एका नोंदसंचात मुलांच्या दम्याच्या तातडीच्या भेटी ४० टक्क्यांहून अधिक घटल्या, असं २००१ मध्ये छापून आलं. पुढे जास्त वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ऑलिंपिक नसलेल्या आसपासच्या शहरांतही ओझोन तेव्हा तसाच उतरलेला निघाला, आणि दम्यातली घटही ठामपणे दाखवता आली नाही.

मग वाहनं कमी करणं व्यर्थ का? मुळीच नाही. गर्दीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या मुलांच्या फुफ्फुसांची वाढ मंदावते, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे आणि रस्त्यावरचा धूर कायमचा घटला तर त्यांना फायदा होणारच. शब्द महत्त्वाचा आहे तो कायमचा. एका एकादशीने मधुमेह जात नाही, तशी चार दिवसांच्या सुट्टीने सुजलेली श्वासनलिका पूर्ववत होत नाही. त्यातून दिवाळीच्या सुट्टीत गाड्या कमी आणि फटाके भरपूर, म्हणजे औषध सोडायला याहून वाईट मुहूर्त नाही.

तेव्हा रोजचा प्रतिबंधक पंप, म्हणजे ज्यात स्टेरॉइड असतं तो, बरं वाटतंय किंवा हवा छान आहे म्हणून परस्पर थांबवू नका. तो बंद केल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि तिथेच फसगत होते. सूज हळूहळू परतते आणि पुढच्या सर्दीत झटका येतो. मात्रा कमी करायची असेल तर काही महिने त्रास नियंत्रणात राहिल्यावर डॉक्टरांशी बोलून करा. तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर दमा ताब्यात नाही असं समजा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फिरायला जाऊ नका, ऊन वर येऊ द्या. मार्च ते मे या काळात उलट सकाळीच जा, कारण ओझोन दुपारी चढतो. हवेचा निर्देशांक पाहताना आकड्याशेजारी मुख्य प्रदूषक कोणता लिहिलाय तेही वाचा, कारण एन-९५ मास्क कण अडवतो, ओझोन नाही. घरात बसणाऱ्यांनी उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल आधी विझवावी. आणि एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही दम कमी होत नसेल, तर बाहेरची हवा कशी आहे हे पाहत बसू नका, पंप घेत घेत सरळ रुग्णालय गाठा.