लहान मुलांचा ताप

घरातील लहान मूल तापाने फणफणले, की घरच्या मंडळींचे लक्ष तापमापकाच्या आकड्यावर खिळून राहते. आकडा १०३ झाला म्हणजे सर्वांचा जीव खालीवर होतो आणि तो ९९ वर आला म्हणजे संकट टळले असे वाटते. हा हिशेब पुष्कळदा चुकतो. आजार कितपत गंभीर आहे हे आकड्यापेक्षा मुलाकडे पाहून अधिक कळते. १०३ अंश ताप असूनही औषधानंतर उठून खेळू लागणारे मूल बहुधा फारशा धोक्यात नसते. उलट १०० अंशच ताप असून जे मूल दूध ओढत नाही व हाक मारली तरी डोळे उघडत नाही, त्याला तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.

ताप हा स्वतंत्र रोग नव्हे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असून शरीराची उष्णता किती असावी हे तो ठरवितो. रोगजंतूंचा शिरकाव झाला म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी काही रासायनिक द्रव्ये सोडतात व त्यांच्या योगे हायपोथॅलॅमस ही पातळी वर नेतो. नव्या पातळीच्या मानाने शरीर थंड ठरते. म्हणून हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते आणि अंग तापू लागते. पातळी पुन्हा खाली आली की घाम फुटून ताप उतरतो. पॅरासिटामॉल हे औषध ही पातळीच खाली आणते. मात्र जंतूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

शरीर हा खटाटोप विनाकारण करीत नाही. अमेरिकेतील मॅथ्यू क्लूगर व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये वाळवंटातील इग्वाना या सरड्यांवर केलेला प्रयोग या बाबतीत उद्‌बोधक आहे. सरड्याचे अंग भोवतालच्या उष्णतेप्रमाणे तापते वा निवते. जंतू टोचलेले सरडे निरनिराळ्या तापमानांत ठेवले असता, उबदार जागेतील सरडे थंड जागेतील सरड्यांपेक्षा अधिक संख्येने जगले. अर्थात मूल म्हणजे सरडा नव्हे, आणि तळमळणाऱ्या मुलाला आराम देऊ नये असाही याचा अर्थ नाही. पण औषध द्यावयाचे ते मुलाला बरे वाटावे म्हणून, आकडा खाली आणण्यासाठी नव्हे.

कपाळाला हात लावून ताप नीट कळत नाही. तापमापक काखेत ठेवून पाहावे. काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट (३७.५ अंश सेल्सियस) किंवा अधिक भरल्यास ताप आहे असे समजावे. मुलाला घोंगडीत गुंडाळून ठेवण्याची चाल सोडून द्यावी. तसेच बर्फाचे वा गार पाणी अंगावर ओतू नये. त्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडते व उष्णता आतच कोंडते. तापात शरीरातील पाणी अधिक खर्च होते. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळास वरचेवर पाजावे आणि मोठ्या मुलास पेज, ताक, वरणाचे पाणी, जे रुचेल ते थोडे थोडे द्यावे. लंघन लहान मुलांसाठी नाही.

पॅरासिटामॉलचे प्रमाण वयावरून नव्हे, तर वजनावरून ठरते: एका वेळी दर किलोग्रॅमला १५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दहा किलोंच्या मुलास १५० मिलिग्रॅम. दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर असावे व दिवसभरात चारांहून अधिक मात्रा देऊ नयेत. घराघरांत होणारी चूक मात्र निराळीच असते. एका बाटलीतील ५ मिलिलिटर औषधात १२० मिलिग्रॅम, तर दुसऱ्या बाटलीतील तेवढ्याच औषधात २५० मिलिग्रॅम असतात, आणि थेंबांची बाटली त्याहूनही तीव्र असते. ‘एक चमचा’ या मापावर विसंबू नये. बाटलीवरील अक्षरे वाचावीत. ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नये.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरांतील दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. दृश्य भयंकर असते, पण बहुतेक आकड्या काही मिनिटांतच थांबतात व मागे अपाय ठेवीत नाहीत. मुलाला कुशीवर निजवावे व घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालणे, पाणी पाजणे, कांदा वा जोडा हुंगविणे यांपैकी काहीही करू नये. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर रुग्णालय गाठावे. पहिल्या आकडीनंतर, ती लवकर थांबली तरी, डॉक्टरांना दाखवावेच.

तीन महिन्यांच्या आतील बाळास ताप आला तर घरी औषध देत बसू नये, लगेच दाखवावे. या वयात गंभीर संसर्गात अंग तापण्याऐवजी गारही पडू शकते. कोणत्याही वयात मूल काहीच पीत नसेल, सारे ओकून टाकीत असेल, गुंगीत असेल, श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जात असेल किंवा मान ताठ झाली असेल, तर रात्र आहे म्हणून थांबू नये. हिवतापाच्या प्रदेशात पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

डेंग्यूत तर आकड्याचा भरवसा पूर्णपणे फसतो. साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, घरची माणसे निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्याच वेळी काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागून रक्तदाब खाली जातो. पोटात सतत दुखणे, वारंवार ओकारी, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, गार व ओलसर हातपाय, मलूलपणा ही त्याची चिन्हे होत. म्हणून ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस मुलाकडे अधिकच बारकाईने पाहावे आणि लघवी केव्हा केव्हा झाली हे कागदावर टिपून ठेवावे. सहा तासांत ती झाली नसेल, तर तापमापक ९८ दाखवीत असले तरी डॉक्टरांकडे जावे.