संगणकाची निद्रा

गेल्या वर्षीं स्पर्धेच्या आदल्या रात्रीं आम्हीं अर्धवट लिहिलेला निबंध तसाच उघडा ठेवून टेबलावरील संगणकास 'स्लीप' या अवस्थेंत निजविलें. पहांटे वीज गेली. तिच्याबरोबर निबंधही गेला. दोष यंत्राचा नव्हता, अज्ञान आमचें होतें.

'स्लीप'मध्यें पडदा व चकती थांबतात, परंतु स्मृतींतील मजकूर टिकविण्यास थोडी वीज लागतच असते. 'हायबरनेट'मध्यें तोच मजकूर चकतीवर उतरविला जातो. मग वीज गेली तरी भय नाहीं. मात्र यंत्रास जागें होण्यास अधिक वेळ लागतो.

कित्येकदां याच्या उलट तक्रार असते: निजविलेला संगणक आपोआप जागा होतो. अशा वेळीं विंडोजमध्यें 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'लास्टवेक' या शब्दासह दिली असतां, त्यास शेवटीं कोणी जागें केलें हें बहुधा कळतें. पुष्कळदां माऊस किंवा नेटवर्क कार्ड हेंच कारण निघतें. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्यें त्याचा जागें करण्याचा अधिकार काढून घेतला म्हणजे झालें.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, निजणें म्हणजे बंद होणें नव्हे. म्हणून यंत्रास निजविण्यापूर्वीं आपलें लेखन जतन करावें. आम्हीं हा धडा एक निबंध देऊन घेतला आहे.