केबलची जाळी आणि अर्थिंग



विहिरीवर, गोठ्यावर कॅमेरे बसवणारे सभासद हल्ली वाढले आहेत. ऊस पाहणीला फिरताना दोन-तीन ठिकाणी एकच तक्रार कानावर आली, कॅमेरा लावल्यापासून रेडिओ नुसता खरखरतो. मी शेतीचा पदविकाधारक, विजेचा नव्हे. पण माझ्याच घरी हेच झाले, म्हणून थोडे खोलात गेलो.

कॅमेऱ्याच्या कोॲक्सिअल केबलमध्ये मधोमध तांब्याची तार, भोवती प्लॅस्टिक आणि त्यावर धातूची जाळी असते. चित्राचा संदेश तारेने जातो आणि जाळीच्या आतल्या अंगाने परततो. अस्तर केलेल्या चारीतून पाणी जावे तसे, बाहेर काही सांडत नाही. परंतु अडॅप्टरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. तो गोंगाट जाळीच्या बाहेरच्या अंगावर चढला की शंभर फूट केबल म्हणजे एरियलच! मग शेजाऱ्याचा रेडिओही खरखरतो.

असला गोंगाट किती नडतो ते आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडदला कळते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. २००२ पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली आहे. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण, की जवळपासचे साधे विजेचे उपकरणही त्यांना झाकून टाकते.

उपाय सोपा आहे. केबल रेकॉर्डरच्या धातूच्या पेटीत शिरते तिथेच जाळी चोहोबाजूंनी कनेक्टरमध्ये घट्ट आवळावी आणि पेटीला अर्थिंग द्यावे. आमच्याकडे वायरमनने जाळी पिळून वीतभर शेपटी काढली होती. मीटर लावला तर जोड बरोबर दाखवी, खरखर मात्र तशीच! कारण रेडिओलहरींना अशी लांब, बारीक शेपटी म्हणजे अडथळाच. कनेक्टर नीट बसवला, तेव्हा खरखर बरीच उतरली.

दुसरे टोक विहिरीवरच्या अर्थिंगला जोडावे का? थेट नको. मोटार चालू झाली की दोन्हीकडच्या अर्थिंगच्या दाबात फरक पडतो, जाळीतून प्रवाह वाहतो आणि चित्रात पट्टे सरकू लागतात. तिथे जाणकाराकडून मध्ये योग्य कपॅसिटर घालून घ्यावा. तो ५० सायकलची वीज बहुतांशी अडवतो, रेडिओचा गोंगाट मात्र जमिनीत जाऊ देतो.

आणि कोणी सांगितले तरी जाळी न्यूट्रलला जोडू नका. न्यूट्रल तुटला तर सगळी जाळी जिवंत होते, अन् ओल्या सरीत उभ्या माणसाचा हात तिला लागायला वेळ लागत नाही.

– ऊस विकास अधिकारी