अक्षरी रुपये : जावास्क्रिप्टच्या सरावाचा एक धडा

संगणकाची भाषा शिकू लागलेल्या पुष्कळांना एकदम मोठा प्रकल्प हाती घ्यावासा वाटतो आणि महिन्याभरात उत्साह मावळतो. प्रस्तुत लेखात त्याहून साधा मार्ग सुचविला आहे. नेहमी लागणाऱ्या लहान कामांची फंक्शने स्वतः लिहावीत व एका फाईलमध्ये जमवावीत. अशा संग्रहास लायब्ररी म्हणतात. एका फंक्शनने एकच काम करावे, हा पहिला नियम.

जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केली. आज ती सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये चालते. त्यामुळे सरावासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

उदाहरण बँकेतलेच घेऊ. चेकवर रक्कम अंकी व अक्षरी अशी दोनदा लिहितात. दोन्हींत तफावत असेल तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरतात. तेव्हा अंकांचे अक्षर करणारे फंक्शन चुकून चालत नाही.

इंग्रजी पुस्तकातील फंक्शन इथे उपयोगी पडत नाही. इंग्रजीत एक ते नव्व्याण्णवसाठी २७ शब्द पुरतात. बाकीचे जोडून होतात. मराठीत एकवीस, बत्तीस, त्रेसष्ट असा प्रत्येक शब्द निराळा. शिवाय ५९ म्हणजे एकोणसाठ. त्यात पन्नासचा मागमूस नाही! पुण्याच्या बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीतही दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की, जोडाक्षरी संख्यानामे लहान मुलांना अवघड जातात. फंक्शन लिहिताना ही अडचण आपोआप समजते. ‘वीस एक’ रीतीला २७ शब्द पुरतात, रूढ रीतीला ९९ शब्दांची यादी लागते.

आता कृती पाहू.

१. शब्दांची यादी करा. यादीतील क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणून पहिला शब्द ‘शून्य’ ठेवा. म्हणजे ६७ व्या क्रमांकावर बरोबर ‘सदुसष्ट’ येईल.

२. रकमेला एक कोटीने भागा. पूर्णांक भाग घेण्यासाठी ‘फ्लोअर’ वापरा. उरलेल्या बाकीला लाखाने, मग हजाराने, मग शंभराने भागा.

३. जो भाग शून्य येईल तो गाळा. नाहीतर ‘शून्य लाख’ छापले जाईल.

४. १२,३४,५६७ दिल्यावर ‘बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट’ आले पाहिजे.

यानंतर ०, ५९, १००, १०१, १००० व ९९,९९९ देऊन तपासा. नेमके १०० आल्यास ‘शंभर’, पण १०१ ला ‘एकशे एक’. हा अपवाद स्वतंत्र लिहावा लागतो. पैसे दशांशात ठेवू नका. या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. सर्व रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवावी व शेवटी शंभराने भागावे.

तयार फंक्शने फुकट मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे फंक्शन त्याच्या कर्त्याने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतले. शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम. पण जगभरातील हजारो प्रकल्प काही तास अडले. तयार वस्तू जरूर वापरावी, मात्र ती आतून कशी चालते हे ठाऊक असावे. मुलाखतीतही तेच विचारतात, आणि पाठ केलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला टिकत नाही.

दर आठवड्यास एक फंक्शन लिहा व मित्राकडून तपासून घ्या. वर्षाअखेर पन्नास फंक्शने तुमची स्वतःची असतील. त्यांतले पहिले ‘अक्षरी रुपये’ असावे, एवढीच अपेक्षा.