पीसीएमसी म्हणजे पिंपरी-चिंचवड नव्हे!

पुण्याहून बदली होऊन बंगळुरूला आलेल्या पालकांचा पहिला गोंधळ प्रवेश अर्जावरच होतो. 'पीसीएमसी' असा पर्याय वाचला की डोळ्यांपुढे पिंपरी-चिंचवड महानगरपालिका उभी राहते. इथे त्याचा अर्थ फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि कम्प्युटर सायन्स. शेवटी बी असेल तर बायॉलॉजी, ई असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. अकरावीला म्हणायचं फर्स्ट पीयू, बारावीला सेकंड पीयू.

यातलं काहीही निवडलं तरी पी काही सुटत नाही. दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर गुण मिळवलेल्या मुलांची पहिल्याच चाचणीत त्रेधा उडते तीही बहुधा याच विषयात. मग घरात चौकशी समिती बसते. क्लास चुकला का, शाखा चुकली का, मोबाइल फार झाला का? खरं कारण पुष्कळदा पाठ्यपुस्तकातच सापडतं.

कर्नाटकात पीयूला विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीची आहेत. फिजिक्सची सध्या अकरावीला १४ आणि बारावीला १४ प्रकरणं आहेत. अकरावीच्या दुसऱ्याच प्रकरणात, सरळ रेषेतल्या गतीत, एखाद्या नेमक्या क्षणाचा वेग काढायचा असतो आणि त्याला डेरिव्हेटिव्ह लागतो. गणिताच्या पुस्तकात डेरिव्हेटिव्ह येतो बाराव्या प्रकरणात. इंटिग्रेशन तर थेट पुढच्या वर्षी. म्हणजे फिजिक्सचे सर वर्षाच्या सुरुवातीला जे हत्यार चालवायला सांगतात, ते गणिताच्या बाई वर्ष सरताना हातात देतात. मधल्या काळात मूल 'ढ' झालेलं नसतं, निःशस्त्र असतं. म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीत व्हेक्टर, त्रिकोणमिती आणि डेरिव्हेटिव्हची तोंडओळख करून घेतली, तर पहिले दोन महिने बरेच सुसह्य होतात.

दुसरा धक्का प्रश्नांच्या स्वरूपाचा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने गाडी चालली आहे. ब्रेक दाबल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो. ती किती अंतरावर थांबेल? सूत्रात आकडे घातले की उत्तर येतं १० मीटर. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. (आउटर रिंग रोडवर हा वेग पहाटेखेरीज मिळायचा नाही, पण गणितापुरता धरू.) उत्तर ४० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. इथपर्यंत नववीचं ज्ञान पुरतं.

पीयूचा प्रश्न याच्यापुढे सुरू होतो. ब्रेकवर पाय जायला चालकाला एक सेकंद लागत असेल तर? पहिली गाडी त्या सेकंदात १० मीटर पुढे जाते, एकूण अंतर २० मीटर. दुसरी २० मीटर पुढे जाते, एकूण ६०. 'चौपट' पाठ करून आलेला मुलगा इथे चुकतो, कारण उत्तर तिप्पट आहे. सूत्र जुनंच आहे. प्रवासाचे दोन टप्पे ओळखून ते वेगळे करणं, हे नवीन आहे. सोडवलेलं उदाहरण वाचून 'कळलं' म्हणणाऱ्या मुलाने पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर, आकृतीसकट सोडवून बघावं. किती कळलंय ते लगेच समजतं.

ज्या पालकांचा फिजिक्सशी संबंध कधीच तुटला आहे, त्यांनाही घरबसल्या मदत करता येते. वर जाणारी लिफ्ट थांबायला लागते तेव्हा तिच्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालचा वजनकाटा जास्त दाखवतो की कमी, असं मुलाला विचारावं. उत्तर 'कमी' असं आहे, पण ऐकायचं ते 'का' याचं स्पष्टीकरण. मूल आकृती काढून, बाण दाखवून ते सांगू लागलं, तर चाचणीतले गुण थोडे कमी असले तरी गाडी रुळावर आहे असं समजायला हरकत नाही.

गुणांचा हिशेब मात्र महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे आणि इथेच मोठी गफलत होते. तिथे इंजिनिअरिंगचा क्रमांक एमएचटी-सीईटीवर ठरतो, त्यामुळे बोर्डाकडे थोडं दुर्लक्ष झालं तरी चालतं अशी सवय लागलेली असते. कर्नाटकात पीयूच्या मुलांचा इंजिनिअरिंगचा क्रमांक सेकंड पीयूचे पीसीएमचे गुण आणि केसीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गुण निम्मे-निम्मे धरून काढतात. केसीईटीत फिजिक्सचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे, चुकल्यास गुण कापत नाहीत. नीटमध्ये ४५ आणि जेईई मेनमध्ये २५ प्रश्न फिजिक्सचे असतात, आणि तिथे चुकीची किंमत मोजावी लागते. बोर्डाला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. लेखी परीक्षेत सिद्धता पायरीपायरीने मांडावी लागते. नुसते पर्याय टिपण्याचा सराव तिथे कामी येत नाही. दिलाशाची गोष्ट एवढी की सेकंड पीयूची परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा देता येते आणि चांगले गुण धरले जातात.

आणखी दोन गोष्टी वेळेत तपासाव्यात. केसीईटीतून राज्याच्या कोट्यातली जागा मिळवण्याची मुख्य अट म्हणजे पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं कर्नाटकात झालेली असावीत. अकरावीलाच आलेल्या मुलाला ती सहसा पूर्ण करता येत नाही. दुसरी गोष्ट पुस्तकाची. ताईचं किंवा दादाचं जुनं पुस्तक वापरण्याआधी ते चालू अभ्यासक्रमाशी ताडून बघावं. २०२४च्या केसीईटीत वगळलेल्या भागावरचे प्रश्न आल्याने गदारोळ झाला आणि शेवटी चार विषयांतले मिळून ५० प्रश्न मूल्यमापनातून काढावे लागले.

शहरातल्या काही आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये आयबी किंवा अमेरिकी एपीचा पर्याय असतो. एपीला १ ते ५ अशी श्रेणी मिळते. त्यातला 'फिजिक्स १' बीजगणितावर चालतो, 'फिजिक्स सी' कॅल्क्युलसवर. परदेशी शिकायचं पक्कं असेल तर हा रस्ता सोयीचा, पण जेईई किंवा नीटची तयारी त्यातून आपोआप होत नाही.

फिजिक्स आवडू लागलेल्या मुलाला बंगळुरूइतकं अनुकूल शहर देशात क्वचितच सापडेल. भारतीय विज्ञान संस्थेत २०११पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, म्हणजे इंजिनिअरिंग आणि मेडिकलपलीकडेही दार उघडं आहे. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक एच. नरसिंहय्या यांनी १९६२मध्ये बंगळूर सायन्स फोरम सुरू करून सामान्य माणसासाठी विज्ञानाच्या व्याख्यानांची परंपरा रुजवली. नेहरू तारांगण आणि कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय ही ठिकाणं तर सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब जाण्याजोगी.

राहता राहिला कॉलेज निवडण्याचा प्रश्न. कॉलेज आणि क्लास एकत्र चालवणाऱ्या इंटिग्रेटेड कॉलेजांच्या दारावर रँक मिळवलेल्या मुलांचे फोटो असतात, ते बघून झाले की पालकांनी प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगावी. व्हर्निअर कॅलिपर्स, मीटर ब्रिज, सोनोमीटर वापरात आहेत की कपाटात धूळ खात पडले आहेत, अकरावीची मुलं आठवड्यातून किती तास तिथे असतात, हे तिथेच विचारावं. फी त्यानंतर भरावी.